ठाण्याच्या दारातला फलक

पोलिसी मारहाणीविरुद्ध जनजागृती करायची म्हटलं, की पोस्टरवर पहिली येते ती उगारलेली काठी. लाल रंग, रक्ताचे शिंतोडे, खाली ‘अत्याचार थांबवा’. खानदेशातल्या धरणगावच्या एसटी स्टँडवर असं पोस्टर लावलं, तर ज्याच्यासाठी लावलं तो माणूस आणखीच धास्तावेल. पोरगा आत आहे आणि बाप ठाण्याबाहेर उकिडवा बसलाय. मार कसा असतो हे त्याला कुणी सांगायला नको. आत जाऊन काय विचारायचं, ते सांगायला हवं.

हे सांगण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने कधीच दिलेला आहे, आणि तोही महाराष्ट्रातल्या प्रकरणात. मे १९८२मध्ये पत्रकार शीला बारसे मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पंधरा महिला कैद्यांशी बोलल्या. पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाली, असं त्यांतल्या पाच जणींनी सांगितलं. बारसेंनी न्यायालयाला पत्र लिहिलं, न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. फेब्रुवारी १९८३च्या निकालात स्पष्ट सांगितलं गेलं : अटक झालेल्याच्या हक्कांचं पत्रक मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापा, प्रत्येक कोठडीत लावा आणि आणलेल्या माणसाला त्याला कळेल त्या भाषेत वाचून दाखवा.

डिसेंबर १९९६मध्ये डी. के. बसू खटल्याच्या निकालात न्यायमूर्ती आनंद यांनी अटकेचे नियम घालून दिले. ते आकाशवाणी-दूरदर्शनवरून सांगावेत, स्थानिक भाषेत पत्रकं वाटावीत, असंही सुचवलं. डिसेंबर २०२०मध्ये परमवीरसिंग सैनी प्रकरणात तर न्यायालयाने ठाण्याच्या दारावरच्या फलकाचा मजकूरच ठरवून दिला : इथे सीसीटीव्ही आहे, चित्रण किमान सहा महिने जपलं जातं, ते राखून ठेवायला सांगण्याचा हक्क पीडिताला आहे, मानवी हक्क आयोगाकडे किंवा पोलीस अधीक्षकांकडे तक्रार करता येते. म्हणजे मोहिमेचा मजकूर तयार आहे. तो लोकांपर्यंत नेणं तेवढं उरलं आहे.

यासाठी धरणगावच का? १८२५मध्ये कंपनीचा अधिकारी जेम्स आउट्रम खानदेशात आला आणि भिल्लांची पलटण उभी राहिली. तिचा तळ धरणगावला होता. ज्यांना कंपनीच्या फौजा डोंगरात हुसकत होत्या, त्यांच्यातलेच शिपाई झाले. पुढे १८७१च्या कायद्याने कितीतरी जमातींवर जन्मापासून गुन्हेगारीचा शिक्का मारला. कायदा १९५२मध्ये गेला, संशय गेला नाही. चोरी झाली की आजही पारध्यांच्या पालांवर आधी गाडी जाते. १९९८मध्ये पश्चिम बंगालमध्ये बुधन सबर या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. तेव्हा तोच शिक्का बसलेल्या, अहमदाबादच्या छारानगरातल्या पोरांनी त्यावर नाटक बसवलं, ते गल्लोगल्ली केलं. ज्यांना मार बसतो तेच बोलले, म्हणून ते लोकांना भिडलं. आपली मोहीमही पुण्याच्या एजन्सीने नव्हे, वस्तीतल्या पोरांनी बांधावी, असं मला ठामपणे वाटतं.

आणि ती इथल्या बोलीत, अहिराणीत असावी. “मना पोऱ्याले कोठे लई जाई ऱ्हायनात?” हा आईच्या तोंडचा प्रश्न पोस्टरवर मोठ्या अक्षरात, आणि खाली उत्तर : कुठे नेलं हे घरच्यांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. एका पोस्टरवर एकच गोष्ट. कलमांची जंत्री छापली की कुणी वाचत नाही.

सगळ्यात धोक्याचे तास असतात ते अटक कागदावर येण्याआधीचे. “अटक नाही, नुसती चौकशी आहे,” असं सांगून माणूस रात्रभर बसवून ठेवतात. म्हणून पहिलं पोस्टर याच वाक्यावर हवं : ‘चौकशी आहे? मग लेखी नोटीस द्या. अटक आहे? मग कारण सांगा, वेळ लिहा, घरच्यांची किंवा गावातल्या प्रतिष्ठिताची सही घ्या.’ मग बाकीची. चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करायलाच हवं. सरकारी डॉक्टरची तपासणी व्हायला हवी. तिथे अंगावरचे वळ दाखवायचे आणि लिहून घ्यायला लावायचे. अपवाद सोडला तर सूर्यास्तानंतर बाईला अटक नाही. कोठडीतल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. हे तर शिकलेल्यांनाही माहीत नसतं.

पोस्टर लावायच्या जागाही नेमक्या हव्यात : पिठाची गिरणी, न्हाव्याचं दुकान, जिनिंगचं फाटक, रेशन दुकान. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी बाजाराच्या दिवशी रिक्षावर भोंगा, आणि वहीगायनाच्या फडात दोन कडवी.

मोहिमेचा एक भाग पोलिसांसाठीही लागेल. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं पंचविसावं कलम तेच सांगत होतं, नव्या भारतीय साक्ष अधिनियमाचं तेविसावं तेच सांगतं. मारून वदवलेलं खटल्यात टिकत नाही, उलट मारणाऱ्याची नोकरी मात्र जाऊ शकते. ठाणे अंमलदाराच्या खोलीत हे दोन ओळींत लावलं, तर नव्याने भरती झालेल्या शिपायाला वरिष्ठाच्या तोंडी हुकमाला नाही म्हणायला आधार मिळेल. अशा शिपायाला वैरी ठरवणारी मोहीम मला मान्य नाही.

छपाईला फारसे पैसे लागत नाहीत. एखाद्या गणेश मंडळाने देखाव्याच्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढला, तरी तालुकाभर पत्रकं पोचतील. मजकूर तालुका विधी सेवा समितीकडून तपासून घ्या आणि प्रत्येक पत्रकावर मोफत कायदेशीर मदतीचा क्रमांक ठळक छापा : १५१००. आणि दिवाळीनंतर आपल्या ठाण्याच्या दारात जाऊन सीसीटीव्हीचा तो फलक मराठीत लागलाय का, हे बघून या. नसेल तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.