वेग ५२चा, भरवसा २४चा

माळ्यावरून उतरवलेल्या खोक्यात शंभर पानी वही सापडली. पुठ्ठ्यावर स्केचपेनने ‘सीडी’ एवढंच लिहिलेलं. पहिलं पान उघडलं. पहिली ओळ: ‘१२-८-२०००. भजन, बाजू अ + ब. ८एक्स. वाया.’ खाली त्याच तारखेची दुसरी: ‘तेच. ४एक्स. चांगली.’

सीडी रायटर हा प्रकार आमच्या डोंबिवलीच्या घरात ज्या आठवड्यात आला, त्या आठवड्यातल्या या नोंदी. पुढची सात-आठ वर्षं घरात जी सीडी ‘मारली’, तिची तारीख, मजकूर, वेग आणि निकाल मी या वहीत टिपत गेलो. कोरी सीडी महाग होती, म्हणून हिशेब. वही हातात घेऊन मागे पाहताना आता वाटतं, की त्या काळात आम्ही सगळे एकाच आकड्याच्या मागे धावत होतो आणि ज्या गोष्टीवर सगळं अवलंबून होतं, तिचा वहीत पहिली काही वर्षं रकानाच नव्हता.

तो काळ आधी डोळ्यांसमोर आणायला हवा. सीडी १९८२ साली बाजारात आली ती गाणी ऐकण्यासाठी, कारखान्यात छापलेली. घरी लिहिता येईल अशी कोरी सीडी जपानच्या तायो युदेन या कंपनीने १९८८मध्ये तयार केली. पण तिच्यावर लिहिणारं यंत्र पुढे कित्येक वर्षं स्टुडिओ आणि मोठ्या कचेऱ्यांपुरतंच राहिलं. आमच्यासारख्यांचा संसार फ्लॉपीवर चालला होता. एका फ्लॉपीत १.४४ एमबी. एका सीडीत मावेल तेवढी माहिती न्यायची तर साडेचारशे-पावणेपाचशे फ्लॉप्या लागल्या असत्या, आणि त्यातली एक हमखास नेमक्या वेळी दगा देणार. डीटीपीचं काम करणारे मित्र पेजमेकरच्या फाइली तुकडे करून फ्लॉप्यांवर घेत आणि छापखान्यात जाऊन जोडत. एक जरी तुकडा वाचला गेला नाही, तरी लोकल पकडून परत यायचं.

म्हणून २०००च्या पावसाळ्यात, जवळजवळ महिन्याचा पगार खिशात घालून, दादरला गाडी बदलून मी ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोड म्हणजे तेव्हा कॉम्प्युटरवाल्यांची पंढरी. फुटपाथवर केबलची भेंडोळी, वरच्या मजल्यांवर टेबलखुर्चीएवढी दुकानं आणि प्रत्येक दुकानात ‘बिलासकट की बिनबिलाचं?’ हा पहिला प्रश्न. रायटरच्या खोक्यावर तीन आकडे असत: ८/४/३२. पहिला लिहिण्याचा वेग, दुसरा पुसून पुन्हा लिहिण्याचा, तिसरा वाचण्याचा. गिऱ्हाईक पहिला आकडा बघायचं, फार तर तिसरा. मीही तेच केलं. बिल मात्र घेतलं, कारण वॉरंटीचा कागद हीच मला तेव्हा भरवशाची व्याख्या वाटत होती.

‘एक्स’चा हिशेब सोपा होता. गाण्याची सीडी ज्या गतीने वाजते ती १एक्स, म्हणजे सेकंदाला १५० केबी. या गतीने ८० मिनिटांची सीडी लिहायला ८० मिनिटंच लागणार. ४एक्सला २०, ८एक्सला १०. सुरुवातीची आणि शेवटची बांधाबांध धरून मिनिट-दीड मिनिट वर.

मग पहिली सीडी वाया का गेली? हलवायाला जिलबी घालताना बघितलं असेल तर उत्तर सोपं आहे. सीडीवरची रेघ ही एकच, आतून बाहेर जाणारी, पाच किलोमीटरहून लांब जिलबी. लेसर ती घालायला लागला की हात थांबवायचा नाही. फडक्यातलं पीठ संपलं की जिलबी तुटली, आणि तुटलेली जिलबी जोडता येत नाही. रायटरचं फडकं म्हणजे त्याचा बफर. माझ्या यंत्रात तो दोन एमबीचा होता. ८एक्सला सेकंदाला १.२ एमबी पीठ लागतं. म्हणजे हार्ड डिस्ककडून येणारी धार पावणेदोन सेकंद जरी अडली, तरी सीडी कायमची वाया. त्या दिवशी मध्येच स्क्रीनसेव्हर सुरू झाला होता. तेवढं पुरलं.

त्यानंतर घरात सीडी लिहिणं हे सोवळ्यातलं काम झालं. स्क्रीनसेव्हर बंद, अँटिव्हायरस बंद, माउसला हात लावायचा नाही. आई स्वयंपाकघरातून विचारायची, ‘झालं का रे? मिक्सर लावू का?’ मिक्सरचा आणि बफरचा थेट संबंध नव्हता, पण तिला तसं सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. वाया गेलेल्या सीड्या दोऱ्याला बांधून गॅलरीत टांगल्या, कबुतरं येऊ नयेत म्हणून. कबुतरं आठवडाभर दचकली, मग त्यांच्याशेजारीच बसू लागली.

या पीठ संपण्यावर उपाय निघाला तो २०००मध्येच. जपानच्या सान्यो कंपनीने ‘बर्न-प्रूफ’ नावाची युक्ती काढली आणि प्लेक्स्टरच्या १२एक्स रायटरमधून ती लोकांपर्यंत आली. बफर रिकामा व्हायला आला की यंत्र लेसर बंद करतं, कुठे थांबलो ती जागा लक्षात ठेवतं आणि पीठ आलं की नेमकं तिथूनच पुढे चालू करतं. जोड इतका बारीक, की वाचणाऱ्या यंत्राला कळू नये. रिकोने ‘जस्टलिंक’ आणलं, इतरांनी आपापली नावं दिली. आमच्याकडच्या दुकानांत ही यंत्रं वर्षभरात दिसू लागली. माझ्या मते त्या दशकात रायटर निवडताना खरोखर बघण्यासारखी खोक्यावरची गोष्ट होती ती ही एकच. पण ती बारीक अक्षरात असे आणि वेग मोठ्या.

कारण तोवर शर्यत लागली होती. २००१मध्ये १६ आणि २४, २००२मध्ये ४० आणि ४८, आणि त्याच वर्षाच्या अखेरीला ५२. या आकड्यांतली गंमत कागदावर मांडली की दिसते. ४चे ८ केले तेव्हा माझी दहा मिनिटं वाचली. २४एक्सच्या यंत्राला पूर्ण सीडी भरायला चार मिनिटं लागत, ५२च्या यंत्राला तीनच्या आत-बाहेर. दुपटीहून मोठा आकडा आणि नफा मिनिटभराचा. शिवाय ५२ हा वेग सीडीच्या अगदी बाहेरच्या कडेला पोचल्यावर मिळायचा. आत सुरुवात होई ती विशीत. त्या वेगाला चकती मिनिटाला दहा हजार फेऱ्या घेते. १२ सेंटिमीटर व्यासाचा हिशेब केला, तर तिची कड ताशी सव्वादोनशे किलोमीटरने पळत असते. आम्ही त्यावर हौसेने कागदाची लेबलं चिकटवत होतो. लेबल केसभर जरी एका बाजूला गेलं, तरी ड्राइव्ह विमान उडाल्यासारखा घोंघावे. तडा गेलेली चकती अशा वेगात आतच फुटल्याचे किस्सेही कानावर येत.

२००३च्या दिवाळीत मी दुसरा रायटर घेतला. अर्थात ५२/३२/५२. किंमत पहिल्याच्या निम्म्याहूनही बरीच खाली आली होती. दुकानदाराने पैसे मोजता मोजता सांगितलं, ‘साहेब, ५२चा घ्या, पण २४वर मारा.’ मला ते गमतीचं वाटलं. २४वरच लिहायचं तर ५२चा कशाला? त्याचं उत्तर समजायला मला अजून दोन गोष्टी शिकायच्या होत्या.

पहिली गोष्ट कोऱ्या सीडीबद्दल. लिहिणं म्हणजे लेसरने रंगाच्या थरावर डाग पाडणं. हा रंगही एकच नसे. कोणाची पाठ निळसर-हिरवी, कोणाची गडद निळी, कोणाची फिकट सोनेरी. तीन जातींची रसायनं, प्रत्येकीला लेसरची आच वेगळी. प्रत्येक कोऱ्या सीडीवर कारखान्याने खुणेची संख्या आधीच कोरलेली असते. रायटर ती वाचतो आणि आपल्या फर्मवेअरमधल्या, म्हणजे आतच भरलेल्या सॉफ्टवेअरमधल्या, यादीत बघून ठरवतो, की हिला किती आच द्यायची. मग आतल्या कडेला एक चाचणीचा चटका देऊन खातरी करतो. यादीत नाव नसलेली नवखी, स्वस्त सीडी आली की अंदाजपंचे काम. आणि वेग जितका जास्त, तितका एकेका डागाला वेळ कमी, तितका अंदाज चुकण्याचा धोका मोठा. म्हणूनच फर्मवेअर अद्ययावत करता येणारा रायटर घ्यावा, असं जाणकार सांगत. उलटंही खरं होतं: ५२साठी बनवलेली चकती अगदी ४एक्सवर मारली, तर तीही धड उतरेलच असं नाही. मधला वेग दोघांनाही मानवे.

दुसरी गोष्ट मला भारनियमनाने शिकवली. मुंबईत दिवे असायचे, आमच्याकडे वीज जायची. २००५नंतरची ती वर्षं डोंबिवलीकर विसरणार नाहीत. वीज गेल्यावर बर्न-प्रूफ काय करणार? यूपीएस टीं-टीं करायला लागला की हातात दहा मिनिटं, जुन्या बॅटरीवर पाच. ८एक्सला सुरू केलेली सीडी तेवढ्यात संपेलच असं नाही. २४वर चार मिनिटांत ती बाहेर. म्हणजे वेग निव्वळ मिरवण्यासाठी नव्हता. तो भरवशाचाच भाग होता, पण एका मर्यादेपर्यंत. दुकानदार शहाणा होता. पूर्ण धावल्यावर जो धापा टाकत नाही, त्याला अर्ध्या वेगाने पळवा, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

वहीत मधली पानं शेजाऱ्यांनीच भरली आहेत. कॉलनीत रायटर असलेलं घर म्हणजे पूर्वीचं फोन असलेलं घर. मुंजीचे फोटो, परदेशी निघालेल्या मुलीसाठी गाण्यांची सीडी, प्रोजेक्ट रिपोर्ट, आणि सगळ्यात जास्त लग्नाच्या व्हीसीडीच्या नकला. एक लग्न म्हणजे दोन किंवा तीन चकत्या, पहिलीत सीमांतपूजन, शेवटचीत पाठवणी. ‘आमच्या प्लेअरवर लागत नाही’ ही तक्रार ठरलेली. निम्म्या वेळा कारण एकच निघे: शेवटी सीडी ‘क्लोज’ करायची राहिलेली. कॉम्प्युटरला चालते, टीव्हीखालच्या प्लेअरला नाही. तेव्हापासून वहीत ‘दुसऱ्या प्लेअरवर बघितली’ असा शेरा येऊ लागतो. ज्या यंत्राने लिहिली त्याच यंत्रावर तपासणं म्हणजे आपलाच पेपर आपण तपासणं, हे उशिरा कळलं.

आणखी एक निवड होती, जी खोक्यावर नव्हे तर नीरोच्या खिडकीत करायची असे. रोमला आग लावल्याचा आळ असलेल्या सम्राटाचं नाव घेतलेलं ते जर्मन सॉफ्टवेअर, चिन्हही जळणाऱ्या कलोसियमचं. गाण्यांची सीडी लिहिताना त्यात विचारलं जाई: ‘ट्रॅक ॲट वन्स’ की ‘डिस्क ॲट वन्स’? पहिल्यात प्रत्येक तुकड्यानंतर लेसर थांबतो आणि दोन सेकंदांची शांतता पडते. वडिलांच्या भजनाच्या कॅसेटचे मी सोयीसाठी बारा तुकडे केले होते. मंडळी एका अभंगातून दुसऱ्यात टाळ न थांबवता जायची. २०००च्या त्या ‘चांगली’ सीडीत बरोबर त्या जागी दोन-दोन सेकंद टाळ थांबतो. वडील ऐकून म्हणाले होते, ‘छान आलंय. फक्त मध्ये मध्ये आम्ही मरतो.’ २००३मध्ये नवा रायटर आल्यावर ती चूक मी सुधारली. सलग, एकाही फटीशिवाय.

त्यानंतर सगळं भराभर आवरलं. डीव्हीडी रायटर आला, ४.७ जीबीपुढे सीडी बोन्साय वाटू लागली. मग पेन ड्राइव्ह. ज्या मोझर बेअरने ग्रेटर नोएडाच्या कारखान्यातून जगभर चकत्या पुरवल्या आणि पुढे सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना विकून चोर बाजाराला टक्कर दिली, ती २०१८मध्ये दिवाळखोरीत निघाली. तायो युदेनने चकत्यांचा धंदा २०१५मध्येच सोडला होता. माझ्या वहीतली शेवटची नोंद २००८ची आहे. तिच्याखाली कोरी पानं.

यंदा बाहेरून जोडायचा एक ड्राइव्ह मागून आणला आणि खोक्यातल्या चकत्या एकेक करून लावल्या. दोन्ही रायटर कधीच भंगारात गेले आहेत. वॉरंटीचा कागद तेवढा वहीत घडी करून ठेवलेला. यंत्र निवडताना आम्ही विचारत होतो, ‘किती मिनिटांत होते?’ खरा प्रश्न ‘किती वर्षांनी लागते?’ हा होता, आणि त्याचं उत्तर द्यायला ना दुकानदार समोर होता, ना यंत्र.

२४वर मारलेल्या बहुतेक लागल्या. घाईच्या दिवसांत स्वस्तातल्या, नाव नसलेल्या गठ्ठ्यावर ५२ने मारलेल्या अडखळल्या. काहींचा वरचा चंदेरी थरच पापुद्र्यासारखा सुटला होता. कोऱ्या सीडीच्या कंपनीचा रकाना मी २००४मध्ये आखलेला दिसतो. त्याआधीच्या ओळींत वेग आहे, चकती कोणाची ते नाही.

भजनाची दुसरी, सुधारलेली सीडी वहीत अशी आहे: ‘२-११-२००३. भजन, सलग. ५२एक्स. मस्त!’ ती लागली नाही. दोन ड्राइव्हमध्ये फिरवली, पुसली, पुन्हा लावली. ती नुसती गरगरत राहिली. कॅसेट तर वडिलांच्या आधी गेली.

पहिली, ४एक्सची, गॅलरीत टांगायची राहिलेली, लागली. टाळ सुरू झाला, वडिलांचा आवाज आला, आणि ठरलेल्या जागी दोन सेकंद सगळे थांबले. त्या फटी आता सॉफ्टवेअरने मिनिटात काढता येतील. मी फाइल तशीच ठेवली आहे. वहीत खाली ओळ लिहिली: ‘तेच. वाचली.’ वेगाचा रकाना रिकामा सोडला.