अणुभट्टी ठणठणीत, पंखा मोडका

मुंबई आणि कारवार या नौदलाच्या तळांदरम्यान जाणाऱ्या विमानवाहू नौकांची वाट श्रीवर्धनच्या समुद्रावरूनच जाते. यांतली एकही अणुशक्तीवर चालत नाही. तशा नौका फक्त अमेरिका आणि फ्रान्सकडे आहेत. आपणही अणुभट्टी बसवावी, म्हणजे परावलंबन संपेल, असे काहींना वाटते. मोह समजण्यासारखा आहे: अमेरिकेच्या निमिट्झ वर्गातल्या नौकेला एकदा भरलेले अणुइंधन वीसेक वर्षांहून अधिक पुरते. पण डेकवरच्या विमानांना इंधन लागतेच, आणि सुट्या भागांचे काय? २००० साली चाचण्यांदरम्यान फ्रान्सच्या ‘शार्ल द गोल’ या अणुशक्तीवरच्या विमानवाहू नौकेच्या पंख्याचे (प्रोपेलरचे) पाते तुटले. अणुभट्ट्यांना काही झाले नव्हते. तरी जुन्या, वाफेवरच्या नौकांचे राखीव पंखे बसवून या नव्याकोऱ्या नौकेला कित्येक वर्षे कमी वेगाने चालावे लागले!

यावर, सुटे भागही सगळे देशातच बनवू, हा आक्षेप वजनदार आहे. २०२२ साली आपल्या नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेत ७६ टक्के देशी वाटा असल्याचे सांगितले जाते. तिची चार गॅस टर्बाइन मात्र मूळ अमेरिकन रचनेची. तरीही मला हीच निवड शहाणपणाची वाटते, कारण त्याच जातीची टर्बाइन ‘शिवालिक’ वर्गाच्या युद्धनौकांवरही आहेत. त्यामुळे सुटे भाग, कारागीर आणि दुरुस्तीचा अनुभव अनेक नौकांत वाटला जातो. एकुलत्या अणुनौकेसाठी हे सारे स्वतंत्रपणे उभे करून, एका भागाची गरज कधीतरीच पडली तरी, अनेक दशके सांभाळावे लागेल.