बॅच ‘पास’ होती, तरीही

इंजेक्शनमुळे रुग्णांना त्रास झाल्याची बातमी आली की एक प्रश्न हमखास कानावर येतो : “पण बॅच लॅबमध्ये पास झाली होती ना?” एरवी चौकस असलेली माणसंही हेच विचारतात आणि रिपोर्ट दाखवला की गप्प बसतात. नेमकं तिथंच गप्प बसायला नको.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला सगळा भात एकाच वाफेवर शिजतो. जंतू असे सारखे पसरत नाहीत. समजा, एका मोठ्या बॅचमधली हजारातली एक व्हायल दूषित आहे. निर्जंतुकतेच्या चाचणीला त्यातल्या साधारण 20 व्हायल घेतात आणि 14 दिवस वाढ होते का ते पाहतात. त्या विसांत दूषित व्हायल असण्याची शक्यता जेमतेम 2 टक्के. म्हणजे अशा शंभर बॅचमधल्या 98 पास! सगळ्याच तपासाव्यात म्हटलं, तर तपासलेली व्हायल रुग्णाला देता येत नाही.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. इंग्लंडमध्ये डेव्हनपोर्टला 1972 साली दूषित डेक्स्ट्रोज शिरेतून दिलेले पाच रुग्ण दगावले. त्याची चौकशी करणाऱ्या क्लोदियर समितीच्या अहवालात कारण नोंदवलंय. आदल्या वर्षी, वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये हवा अडकली आणि खालच्या बाटल्या पुरेशा तापल्याच नाहीत. तापमान नोंदवणाऱ्या यंत्राचा काटा चढला नव्हता, पण यंत्रच बिघडलं असेल असं धरून काम पुढं रेटलं गेलं. नमुने घेतले ते वरच्या बाटल्यांचे. ते अर्थातच पास झाले.

म्हणून उत्पादन चालू असतानाची देखरेख महत्त्वाची. व्हायलचं तोंड उघडं असतं तिथं हवेतले कण मोजणारं कणमापक यंत्र मिनिटाला 28.3 लिटर हवा ओढतं आणि भरणी संपेपर्यंत मोजत राहतं. अर्धा मायक्रॉन व त्याहून मोठ्या कणांची मर्यादा घनमीटरला 3,520. आडवी झालेली व्हायल उचलायला कुणी हातमोज्यातून हात घातला आणि आकडा उसळला, तर त्या मिनिटाला कोणत्या व्हायल उघड्या होत्या ते शोधून त्या बाजूला काढता येतात. चौदा दिवसांनी आलेल्या रिपोर्टवरून हे कळणार नाही.

या देखरेखीबद्दल आणि निर्जंतुकतेबद्दल काही गैरसमजही ऐकू येतात. “कणमापक जंतू मोजतो.” नाही, त्याला कण जिवंत की निर्जीव ते कळत नाही. म्हणून जंतू वाढवणाऱ्या प्लेटही तिथं उघड्या ठेवतात.

“औषध नितळ दिसतंय, म्हणजे शुद्ध.” जंतू डोळ्यांना दिसत नाहीत.

“शेवटी सगळं तापवतातच.” कित्येक लसी आणि प्रथिनांची औषधं उष्णतेनं खराब होतात. त्यांना 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळतात आणि नंतर गाळणी शाबूत आहे का तेही तपासतात.

“देखरेख ही चाचणी चुकवायची पळवाट.” तसं नाही. उष्णतेनं निर्जंतुक होणाऱ्या काही औषधांना अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएनं 1985 पासून तापमान-वेळेच्या नोंदींवरच बॅच सोडायला परवानगी दिली आहे. मात्र अट कडक आहे : नोंदीत तापमान किंवा वेळ कमी पडली तर बॅच बाद, मग निर्जंतुकतेची चाचणी पास दाखवून ती सोडवता येत नाही.