वाक्याचा दुसरा अर्धा

संपादकांनी विषय दिला युद्धविरोधी चळवळीचा आणि मी हैदराबादच्या कोठीला येऊन उतरलो. ही कोठी ब्रिटिश रेसिडेंटची. 1798 च्या तैनाती फौजेच्या तहानंतर निजामाच्या तलवारीवर इथूनच लक्ष राहू लागलं. त्या उंच खांबांच्या आवारात आता मुली शिकतात, बाहेर पदपथावर जुनी पुस्तकं विकली जातात. निजामाचा पैसा पुढं साम्राज्याच्या लढायांना इतका लागला, की ब्रिटिश हवाई दलाच्या 110 आणि 152 क्रमांकाच्या तुकड्यांच्या नावांत हैदराबाद शिरलं. 152 ची स्पिटफायर विमानं 1940 मध्ये इंग्लंडच्या आकाशात लढत होती.

त्याच वर्षी 17 ऑक्टोबरला वर्ध्याजवळ पवनारात 45 वर्षांचे विनोबा लोकांसमोर उभे राहिले. गांधीजींनी त्या युद्धाविरुद्ध सुरू केलेल्या वैयक्तिक सत्याग्रहाचे ते पहिले सत्याग्रही.

या सत्याग्रहाच्या रचनेनं मला धरून ठेवलं आहे. मोर्चा नाही, गर्दी नाही. गांधीजींनी निवडलेला माणूस आधी जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला पत्र लिहून कळवणार: अमुक दिवशी, अमुक ठिकाणी मी बोलेन. मग उभा राहून सांगणार, की इंग्रजांच्या युद्धाला माणसानं किंवा पैशानं मदत करणं चूक आहे, आणि सगळ्याच युद्धांना अहिंसेनं विरोध करणं हाच खरा मार्ग आहे. पकडलं तर तुरुंग. नाही पकडलं तर गावोगाव तेच बोलत पायी दिल्लीकडं. स्वतःच्या अटकेची वर्दी स्वतःच देणारी ही माणसं! पोलिसाला शोधायला काही उरतच नाही. विनोबांना 21 ऑक्टोबरला देवळीत पकडलं, तीन महिन्यांची शिक्षा झाली. नेहरू दुसरे. त्यांना चार वर्षं ठोठावली.

पण त्या वाक्याचे दोन अर्धे आहेत, आणि अडचण तिथंच आहे. पहिला अर्धा हजारोंना पटत होता. सप्टेंबर 1939 मध्ये व्हाइसरॉयनं इथल्या कुणालाही न विचारता देश युद्धात ओढला होता, त्याचा राग सगळ्यांनाच होता. दुसरा अर्धा मात्र मूठभरांचाच. सत्याग्रहाच्या तीनच महिने आधी, जुलैत, पुण्याच्या बैठकीत काँग्रेसनं राष्ट्रीय सरकार मिळालं तर युद्धाला मदत करायची तयारी दाखवली होती. नेहरूंना हिटलरचा पराभव हवाच होता. विनोबांना पहिला मान मिळाला तो, मला वाटतं, दुसऱ्या अर्ध्यामुळं. ते वाक्य त्यांना अख्खं पटलं होतं.

वीस हजारांहून अधिक माणसं तुरुंगात गेली. सैन्यभरती मात्र थांबली नाही. युद्ध संपेपर्यंत भारतीय सैन्य पंचवीस लाखांवर गेलं. कोरडवाहू गावातल्या पोराला महिन्याचा पगार दिसत होता, त्याला कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं? डिसेंबर 1941 च्या सुरुवातीला सरकारनं सत्याग्रहींना सोडायला घेतलं आणि काही दिवसांतच जपान युद्धात उतरला. काँग्रेस पुन्हा सशर्त मदतीच्या भाषेकडं वळली. वाक्याचा दुसरा अर्धा एकाकी पडला.

विनोबांनी तो सोडला नाही. मार्च 1951 मध्ये ते पवनारहून चालत निघाले आणि एप्रिलमध्ये इथं, हैदराबादच्या कडेला शिवरामपल्लीला, सर्वोदय संमेलनाला पोचले. तेलंगणात तेव्हा एका बाजूला बंदूक घेतलेले शेतकरी होते, दुसऱ्या बाजूला सरकारची फौज. संमेलन आटोपल्यावर ते त्याच भागात, पोचमपल्लीच्या वाटेनं, हाती शस्त्र न घेता पायी गेले.