पोट लहान, आग्रह मोठा

वऱ्हाडात पाहुण्याच्या ताटात दुसऱ्यांदा वाढल्याशिवाय यजमानाचे समाधान होत नाही. अशा मुलखात जठर लहान करून घेतलेल्या माणसाने जेवायचे कसे? वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर अकोल्यातल्या आमच्या घरात हा प्रश्न रोजचाच झाला.

अशा शस्त्रक्रिया नव्या नाहीत. जठराला वळसा घालून अन्न पुढे नेणारी ‘बायपास’ अमेरिकेत डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली केली. माझी ‘स्लीव्ह’ पद्धतीची. तीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढतात; उरते केळ्याएवढी पिशवी. आतला जोड भरून यायला वेळ लागतो, म्हणून अन्न पायरीपायरीने सुरू करायचे.

ही पायरी आमच्या स्वयंपाकघरात होतीच. आधी मुगाच्या वरणाचे पाणी, मग पातळ ताक, पुढे ताकातल्या ज्वारीच्या कण्या मिक्सरमधून काढून, त्यानंतर मऊ खिचडी. वरणात कुस्करलेली भाकरी दोनेक महिन्यांनी, तीही डॉक्टरांनी होकार दिल्यावरच.

पहिला घास वरणाचा, अंड्याचा किंवा पनीरचा. कारण प्रथिने कमी पडली की अंगातली ताकद जाते. घास बारीक चावायचा, पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. जीवनसत्त्वांच्या गोळ्या मात्र जन्मभर.

सर्वांत अवघड होते ते अमरावतीच्या मावशीला नाही म्हणणे. “घे न वं, येवढ्याशानं काय होते?” एका जादा घासाने छातीत कळ येते, उलटी होते. हे कळल्यावर तिने माझ्यासाठी लहान वाटी वेगळी काढली. माया कमी झाली नाही. मापच तेवढे बदलले.