मंगल कार्यालयाच्या मागच्या दारी

पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या मंगल कार्यालयाला दोन दारं असतात. पुढच्या दारात रांगोळी, पेढे, अत्तरदाणी. मागच्या दारात गॅसच्या टाक्या, कोथिंबिरीच्या काड्या, भांडी घासायला बसलेल्या बायका आणि सकाळपासून उभं राहून पाय भरून आलेले वाढपी. लग्नात उरलेलं अन्न वस्तीपर्यंत पोहोचवणाऱ्या आमच्या गटाचं काम या मागच्या दारी चालतं. गटाची नोंदवही माझ्याकडे असते. काय आलं, किती वाजता शिजलं, किती वाजता उचललं, कुठे गेलं हे मी लिहून ठेवते. हे लिहिण्यासाठी रात्री-अपरात्री तिथे हजर राहावं लागतं, आणि फोटोत कधी न येणारी माणसं जवळून बघायला मिळतात. गट खरं तर तीच चालवतात.

त्यातले पहिले आमचे काका. केटररच्या मुदपाकखान्यात त्यांचं अख्खं आयुष्य गेलं. कार्यालयातून निरोप येतो तेव्हा सांगणारा हमखास म्हणतो, "दोनशे माणसांचं जेवण आहे." यात खोटं बोलण्याचा हेतू नसतो. दिवसभराच्या दगदगीनंतर समोर तीन मोठी पातेली दिसली की दोनशे वाटतातच. काका शांतपणे विचारतात, "भात कोणत्या पातेल्यात आहे? काठापासून किती बोटं खाली?" एक किलो तांदळाचा भात आठ-दहा जणांना होतो आणि कुठल्या पातेल्यात किती किलो शिजतो, हे त्यांना तोंडपाठ आहे. तिथूनच ते मला लिहायला सांगतात, "सत्तर पानं धर. पुऱ्या शंभरांना पुरतील, भाजी कमी पडेल." टेम्पो मग तेवढ्याच माणसांच्या वस्तीकडे वळतो. दोनशेच्या भरवशावर मोठ्या वस्तीत गेलं, तर उरलेल्या माणसांना रिकाम्या डब्यांनी परतावं लागतं. पोरं कडेवर घेऊन आलेल्या बाईला "संपलं हो" म्हणण्याइतकं वाईट काम दुसरं नाही.

अन्न एवढं उरतं कसं, हेही काकांकडूनच कळलं. यजमान पाहुण्यांची यादी करतो आणि वर पन्नास पानं वाढवून सांगतो, कारण लग्नात जेवण कमी पडलं हा डाग पुढची वीस वर्षं नातेवाइकांच्या बोलण्यात राहतो. आचारी त्यावर आणखी थोडं मनाशी धरतो, कारण कमी पडलं तर शिव्या त्याला बसणार. मग त्याच दिवशी अवकाळी पाऊस येतो, किंवा मुहूर्त दाट असल्यामुळे एकेका पाहुण्याला तीन-तीन लग्नं असतात. आपल्याकडच्या लग्नातली नासाडी बरीचशी भीतीतून होते. तिला माज म्हणणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

आता एक गोष्ट, जी आमच्या कामाची ओळख करून देताना कुणी सांगत नाही. एका कार्यालयात आम्ही डबे घेऊन गेलो तेव्हा पुऱ्या लाटणाऱ्या बायकांचे चेहरे एकदम उतरले. काकांनी ते टिपलं. त्यांनी डबे खाली ठेवायला लावले आणि त्या बायकांपाशी जाऊन विचारलं, "तुम्ही जेवलात का? घरी काय नेता?" तेव्हा उलगडा झाला. उरलेल्या पुऱ्या, जिलेब्या, थोडी भाजी इतकी वर्षं त्यांच्याच घरी जात होती. मजुरी बेताची, आणि हा ठरलेला वाटा. आम्ही येणार म्हटल्यावर मॅनेजरनं "कुणी हात लावायचा नाही, हे गरिबांना द्यायचंय" असं सांगून ठेवलं होतं. गरिबांना द्यायचं म्हणून गरिबांच्याच ताटातलं काढून घेतलं जात होतं! त्या दिवसापासून नियम आहे: आधी वाढपी, आचाऱ्यांचे मदतनीस आणि भांडीवाल्या बायका जेवणार, घरी न्यायचं ते बांधून घेणार, मग आमची मापं लागणार. या नियमामुळे आमच्या वाट्याला कमी येतं. पण मागच्या दारातले सगळे जण आता आमच्या बाजूचे आहेत. भात कधी शिजला हे मॅनेजर विसरतो, त्या बायका बरोबर सांगतात.

दुसरी अडचण भांड्यांची. सुरुवातीला काही केटरर अन्न द्यायला नाखूश असत, तेव्हा गटातल्या तरुण मुलांना तो कद्रूपणा वाटायचा. काका म्हणाले, "त्याचं अन्नाशी भांडण नाही, पातेल्याशी आहे." दुसऱ्या दिवशी पहाटे दुसऱ्या कार्यालयात त्याच पातेल्यात चहा-पोह्यांची तयारी सुरू व्हायची असते. पातेलं वस्तीत गेलं आणि रात्री परत आलं नाही, तर त्याचा धंदा अडतो. शिवाय त्याची माणसं शेवटच्या बससाठी खोळंबलेली असतात. म्हणून आम्ही झाकणाचे स्टीलचे डबे घेतले. अन्न तिथेच आमच्या डब्यांत ओतायचं, रिकामी पातेली लगेच मोरीत. केटररचा होकार तेव्हापासून सहज मिळू लागला. ते डबे रात्री घासणं हे मात्र आमच्याकडचं सगळ्यात नावडतं काम. नव्यानं आलेल्या प्रत्येक स्वयंसेवकाची सुरुवात वाटपानं होत नाही, मोरीपासून होते. जे टिकतात ते कायमचे टिकतात.

घ्यायचं काय आणि नाकारायचं काय, यावर शेवटचा शब्द काकांचा. दह्यातली कोशिंबीर, मठ्ठा, ओल्या खोबऱ्याची चटणी नेत नाही. उन्हाळ्यात बासुंदी आणि पनीरची भाजीही नाही. पुऱ्या, लाडू, जिलेब्या, कोरडी बटाट्याची भाजी बेलाशक. खरी परीक्षा भाताची. शिजलेलं अन्न साठ अंशांच्या वर गरम ठेवावं किंवा पाच अंशांच्या खाली थंड, मधल्या तापमानात जंतू भराभर वाढतात. भातात बॅसिलस सिरिअस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवल्यावरही तग धरतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांचं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. काकांनी हे पुस्तकात वाचलेलं नाही. ते पातेल्याच्या मधोमध झारा खोल घालतात, तळातला भात वर काढतात, बोटांत चुरडतात आणि वास घेतात. वरचा भात मोकळा, सुरेख असतो. तळाशी वाफ कोंडून तो चिकट झालेला असेल, तर ते झारा बाजूला ठेवतात.

एप्रिलमधल्या एका लग्नात असंच झालं. दुपारी बाराचा मुहूर्त, पंगती अडीचला संपल्या, आणि आम्हाला निरोप आला रात्री आठला. मसालेभाताचं भलं मोठं पातेलं, वर काजू, खोबरं, कोथिंबीर. काकांनी झारा घातला आणि मान हलवली. नवरीचे वडील हात जोडून उभे होते. "काका, एवढं अन्न टाकायचं? पाप लागेल हो." काका त्यांना बाजूला घेऊन गेले. "साहेब, हा भात तुम्ही आत्ता तुमच्या नातवाला भरवाल का?" ते गप्प झाले. "मग ज्या पोराला जुलाब लागले तर बापाचा दिवसाचा रोज बुडतो, त्याला मी कसा देऊ?" तो भात खतासाठी गेला. पुऱ्या आणि लाडू तेवढे आम्ही घेतले. त्या गृहस्थांनी पुढे स्वतःच्या ओळखीतल्या लग्नघरांना सांगायला सुरुवात केली की शेवटची पंगत बसली की लगेच कळवा. त्यांनी सांगून ठेवलेल्या घरांतून आलेलं अन्न आम्हाला कधी नाकारावं लागलेलं नाही.

अन्नसुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या एफएसएसएआय या केंद्रीय यंत्रणेनं उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी २०१९ मध्ये नियमावली केली. पदार्थ कोणता, कुठून आला, कधी बनवला, शाकाहारी की मांसाहारी हे सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असावं, अशी त्यात अपेक्षा आहे. काही जणांना हा कागदी जाच वाटला. मला नाही. फुकट मिळतंय म्हणून खाणाऱ्यानं काहीच विचारू नये, ही आपल्याकडची समजूत त्या चिठ्ठीनं जरा तरी हलते.

टेम्पोवाले दादा पहाटे मार्केट यार्डातून भाजी उचलतात आणि रात्री आमच्यासाठी येतात. आमटी सांडू नये म्हणून डब्याच्या झाकणाच्या कडेनं कणकेची वळी चिकटवायची, ही युक्ती त्यांची. आमटी तशी बंद, वाफाळती राहते. भाताचं झाकण मात्र किलकिलं. डब्यांखाली ओल्या गोणपाटाच्या चुंबळी. सिंहगड रस्त्यावरचे खड्डे त्यांना एकेक करून ठाऊक आहेत.

वस्तीत आमचं काही चालत नाही, तिथे अक्कांचं चालतं. अक्का चार घरची धुणीभांडी करतात. पूर्वी आम्ही रांग लावून पत्रावळीत वाढायचो. अक्का एका रात्री सगळ्यांसमोर म्हणाल्या, "रस्त्यावर बसून खायला लावू नका आमच्या माणसांना. डबा घेऊन येतो, घरी जाऊन खातो." किती साधी मागणी! तेव्हापासून प्रत्येक घरचा डबा किंवा पातेली येते, अक्का घरातली माणसं बघून डाव टाकतात, आणि माणसं आपल्या घरी, आपल्या ताटात जेवतात. फोटो काढायचे नाहीत हाही त्यांचाच नियम. देणगीदारांना फोटो हवे असतात, ते आम्ही भरलेल्या डब्यांचे पाठवतो.

अक्कांचे इतर निर्णयही तसेच नेमके. नुसते गुलाबजाम आले तेव्हा त्या म्हणाल्या, "पोटात घास नाही आणि वर पाक? पोरं रात्रभर पाणी पीत बसतील. भाताबरोबर आणा." बांधकामावरच्या बिहारी आणि बंगाली मजुरांकडे भात-वरण आधी पाठवायचं, पुऱ्या मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांकडे. आमच्या बैठकीत यावर कितीही चर्चा केली असती, तरी हे सुचलं नसतं.

जगातली पहिली फूड बँक मानली जाते ती अमेरिकेत फिनिक्स शहरात, १९६७ मध्ये जॉन व्हॅन हेंगेल यांनी उभी केलेली. दुकानांच्या मागच्या कचरापेट्यांतून अन्न शोधून अनेक मुलांना पोसणारी एक आई त्यांना भेटली होती. बँकेत पैसे ठेवतात-काढतात तसं अन्न ठेवता-काढता यावं, ही कल्पना तिनं बोलून दाखवली होती. मला ही हकीकत फार मोलाची वाटते. तिचं नाव फारसं कुणाला माहीत नाही, पण युक्ती तिची.

पुढे लिस्बनमध्ये २०११ साली हंटर हाल्डर सायकलवरून हॉटेलांमधलं उरलेलं अन्न गोळा करू लागले. रिफूड नावाचं त्यांचं हे काम पाहून नील घोष आणि मित्रांनी २०१४ मध्ये दिल्लीत रॉबिनहूड आर्मी सुरू केली, जी कुणाकडून पैसे घेत नाही. मुंबईच्या डबेवाल्यांची रोटी बँक २०१५ ची. त्याच वर्षी डिसेंबरात औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, युसूफ मुकाती यांनी घराघरांतून ताज्या पोळ्या आणि भाजी जमा करणारी रोटी बँक काढली. तिथे उरण्याची वाट बघायची नसते, आपल्या घरचं करतानाच दोन पोळ्या जास्त लाटायच्या. हा विचार अक्कांना सांगितला तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "हे चातुर्मासात करू."

कारण आषाढी एकादशीनंतर मुहूर्त थांबतात आणि तुळशीच्या लग्नापर्यंत आमचे डबे जवळपास रिकामे राहतात. गणपतीतले भंडारे थोडा हात देतात. मग पितृपक्ष येतो आणि सर्वपित्री अमावास्येला खीर-वड्यांचा पूर लोटतो. एकाच दिवशी पंधरा घरांना वाढायचं असतं. अक्का अशा यजमानांना विनवतात, "आज खूप आहे. तुमचं परवा आणाल का?" काही जण तिथी मोडत नाही म्हणून रागावतात. काही जण तिथीला नैवेद्यापुरतं करतात आणि परवा खरोखर गरम पोळी-भाजी घेऊन येतात. अशी घरं वाढत आहेत.

यंदाच्या चातुर्मासासाठी काकांनी चाकणच्या दोन कारखान्यांच्या उपाहारगृहांशी बोलून ठेवलंय. तिथलं जेवण दीडला संपतं, म्हणजे दुपारी तीनच्या आत वस्तीत पोहोचवता येतं. पण त्या वेळी अक्का कामावर असतात. म्हणून त्यांच्या गल्लीतल्या दोन मुली आता काकांबरोबर येऊन शिकत आहेत. मागच्या रविवारी त्यातल्या धाकटीनं पातेल्यात झारा घातला, तळातला भात काढला, वास घेतला आणि काकांकडे न बघता म्हणाली, "हा नको. आमटी न्या."