चटणीतला खवट दाणा आणि दह्यातले जिवाणू

धारवाडजवळच्या खेड्यातून एक आजी नातवाला खोकल्यासाठी घेऊन आल्या होत्या. निघताना त्यांनी विचारले, "डॉक्टर, लिव्हर चांगलं राहावं म्हणून ते प्रोबायोटिकचं पाकीट याला रोज देऊ का?" बोलता बोलता कळले, की घरचे शेंगदाणे निवडल्यावर उरलेले सुरकुतलेले, काळपट दाणे वाया जाऊ नयेत म्हणून त्या चटणीला वापरतात. लसूण-तिखटात खवटपणा लपतो.

अशाच दाण्यांवर वाढणारी अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण करते. यकृतात त्याचे रूपांतर अधिक घातक द्रव्यात होते व ते पेशींच्या डीएनएला चिकटते. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल भागात बुरशी आलेला मका खाऊन कावीळ व जलोदर झालेल्या शंभराहून अधिक लोकांचा बळी गेला. बालरोगतज्ज्ञांना त्याहून जवळचा दाखला म्हैसूरचा. तेथील कुपोषित बालकांच्या पोषणासाठी दिलेल्या शेंगदाण्याच्या पिठातच हे विष होते. त्यांच्या यकृतविकाराची नोंद १९७१ साली प्रसिद्ध झाली. औषध म्हणून दिलेले अन्नच बाधावे, याहून मोठे दुर्दैव कोणते?

आता प्रोबायोटिकविषयी. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससच्या काही वाणांच्या पेशीभित्तिकेला अफ्लाटॉक्सिन चिकटते, हे फिनलंडमधील संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखविले. उष्णतेने मृत झालेले जिवाणूही हे काम करतात. (कढीप्रेमींनी लगेच हर्षित होऊ नये!) विष आतड्यातच अडकले, तर ते मलावाटे बाहेर पडते व यकृतापर्यंत कमी पोहोचते, अशी ही कल्पना. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधील ग्वांगझू येथील अभ्यासात ९० निरोगी तरुणांपैकी काहींना असे जिवाणू पाच आठवडे दिले. त्यांच्या लघवीतील अफ्लाटॉक्सिनजन्य द्रव्याचे प्रमाण घटले.

हे आशादायक खरे. पण लघवीतील द्रव्य घटणे म्हणजे यकृताचा आजार टळणे नव्हे. शिवाय हा गुण वाणावाणांत भिन्न असतो, आणि आपल्या विरजणात कोणते वाण आहेत हे आपणांस ठाऊक नसते. ही पकडही पक्की नसते. काही विष पुन्हा सुटते. तेव्हा पाकिटाच्या भरवशावर खवट दाणा खाणे मला मान्य नाही. भाजण्याने विष काहीसे कमी होते, नाहीसे होत नाही. मात्र ते मोजक्याच दाण्यांत एकवटलेले असते, म्हणून निवडण्याला इतके मोल. शेंगा नीट वाळवून कोरड्या जागी ठेवाव्यात. हिपॅटायटिस-बीची लसही चुकवू नये, कारण त्या विषाणूच्या जोडीने अफ्लाटॉक्सिन यकृताच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढविते.

आजींना मी पाकीट लिहून दिले नाही. दही-ताक चालू ठेवा, पण ते दाणे टाकून द्या, असे सांगितले.

"मग म्हशीला घालू का?"

तेही नको, म्हटले. तेच विष किंचित बदललेल्या रूपात म्हशीच्या दुधात उतरते, आणि ते दूध पुन्हा नातवाच्याच पेल्यात.